घरच्या माणसाला पोलिसांनी नेलं, तर पहिल्या चोवीस तासांत काय करावं

पोलीस माणसाला घेऊन जिना उतरले, की आधी घड्याळ बघा आणि वेळ लिहून ठेवा. कॅलेंडरच्या मागे लिहिली तरी चालेल. ओळखीच्या नगरसेवकाला फोन नंतर करा.

मग पोलीस ठाण्यात जाऊन एकच विचारा: चौकशीला आणलंय की अटक केलीय? सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नसते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (अटक, तपास, जामिनाची पद्धत ठरवणारा कायदा) कलम ३५ खाली हजर राहण्याची नोटीस देता येते. नोटीस मिळाली तर दिलेल्या वेळी जाच. टाळाटाळ केली तर तेच अटकेचं कारण होतं.

अटक असेल तर अटकेचा पंचनामा होतो. त्यावर घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही लागते. आमच्या लालबागच्या चाळीतल्या एका मावशींपुढे असा कागद आला, तेव्हा वेळेची जागा कोरी होती. "साहेब, आधी वेळ टाका, मग सही करते," मावशी म्हणाल्या. साहेबांनी १.४० टाकली. पोराला नेलं होतं सव्वादहाला. मावशींनी सही केली, पण सहीखाली 'मुलाला १०.१५ ला घरातून नेले' असं स्वतःच्या हाताने लिहिलं. दुसऱ्या दिवशी वकिलाने कोर्टात पहिलं बोट त्याच ओळीवर ठेवलं.

हे एवढ्यासाठी, की प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं करावंच लागतं. रविवार असला तरी सुटी नाही, हॉलिडे कोर्ट असतं.

अटकेची कारणं लेखी मागा, आणि आरोपीला कळेल त्या भाषेत. मुंबईतल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये हे सगळ्याच गुन्ह्यांना लागू केलं. रिमांडच्या, म्हणजे कोठडी मागण्यासाठी कोर्टात उभं करण्याच्या, किमान दोन तास आधी तरी कागद हातात पडायला हवा. बाईमाणसाला सूर्यास्तानंतर अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्याची आगाऊ परवानगी लागते.

चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येतं, पूर्णवेळ शेजारी बसवता मात्र येत नाही. वकील परवडत नसेल तर १५१०० या मोफत कायदेशीर मदतीच्या हेल्पलाइनला फोन लावा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. आणि पोराला निरोप द्या: स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती नाही. पोलिसांपुढचा कबुलीजबाब त्याच्याविरुद्ध पुरावा होत नाही. मात्र त्याच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या वस्तूपुरतं बोलणं ग्राह्य धरलं जातं. म्हणजे बडबड नकोच.

कोर्टात न्यायदंडाधिकारी विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?" मागे हवालदार उभा असतो, म्हणून पोरं सवयीने "नाही" म्हणून मोकळी होतात. मारहाण झाली असेल तर सांगायची जागा हीच. वैद्यकीय तपासणीतही डॉक्टरला वळ दाखवायचे, शर्ट काढून.

तोवर जामीनदार शोधा. त्याचं रेशन कार्ड, आधार आणि पगाराची स्लिप, झेरॉक्स आणि ओरिजिनल दोन्ही, पिशवीत घालून ठेवा. कोर्टाबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे अकरानंतर रांग लागते.