पाइपांतून ठोके ऐकू येतायत? भिंत फोडायच्या आधी या चुका टाळा

नळ बंद केला की भिंतीत ‘धाड्’ होतं आणि लोक थेट टाइल्स फोडायला माणूस बोलावतात. यासारखी महागडी चूक नाही. आवाज जिथे ऐकू येतो तिथेच दोष असतो असं नाही. पाइपातून तो दोन खोल्या सहज ओलांडतो.

शेजारच्या सोसायटीत एका काकूंच्या बाथरूमची अख्खी भिंत अशीच उघडी केली होती. आत पाइप ठणठणीत. नव्या टाइल्स बसल्या, ठोके तसेच. मी एवढंच विचारलं, “काकू, आवाज नेमका कधी येतो?” म्हणाल्या, “पहाटे. तेव्हा तर कुणी उठलेलंही नसतं.” पहाटे पालिकेचं पाणी येतं, म्हणजे टाकी भरत असणार. माळ्यावर चढून पाहिलं. टाकी भरत आली की पाण्यावर लाटा उठायच्या, बॉलकॉकचा, म्हणजे टाकी भरली की पाणी तोडणाऱ्या नळाचा, गोळा खालीवर नाचायचा आणि झिजलेला वायसर (नळातली रबरी चकती) दर वेळी आपटून पाणी तोडायचा. बॉलकॉक बदलला, आवाज थांबला. भिंतीचा खर्च मात्र फुकट गेला, याचा मला आजही राग येतो.

म्हणून पान्हा हातात घ्यायच्या आधी मी दिवसभर नुसतं ऐकायला सांगतो. नळ बंद करताना एकच दणका बसला, तर वाहतं पाणी एकदम अडलंय. नळ चालू असताना थरथर झाली, तर वायसर सैल. गरम पाण्यानंतर टिकटिक होत असेल, तर सीपीव्हीसीचा (गरम पाण्याच्या प्लास्टिकचा) पाइप लांबतोय: ३ मीटरचा तुकडा ४० अंशांनी तापला की साधारण ७ मिलिमीटर वाढतो. गरम लाइनीचे क्लॅम्प गच्च आवळू नका, पाइप सरकायला हवा. गार लाइन मात्र हलता कामा नये.

दुसरी चूक म्हणजे बूच मारलेली उभी नळी लावायची आणि विसरून जायचं. तिच्यातली हवा धक्का झेलते हे खरं, पण ती हळूहळू पाण्यात विरघळते, नळी भरते आणि दणके परत सुरू होतात. मग लोक प्लंबरला नावं ठेवतात. मेन कॉक बंद करा, वरचे-खालचे सगळे नळ उघडून लाइन रिकामी करा, नंतर सावकाश भरा, म्हणजे नळीत पुन्हा हवा राहते. हे अधूनमधून करायचा कंटाळा असेल तर पिस्टनचा अरेस्टर घ्या, म्हणजे हवा आणि पाणी पिस्टनने वेगळं ठेवणारी नळी. वॉशिंग मशीनसाठी तर तोच घ्या, कारण तिचा व्हॉल्व्ह क्षणात बंद होतो. तो मशीनच्या कॉकला लागूनच हवा. लांब बसवला तर पैसे वाया.

मेन कॉक अर्धा बंद करून पाण्याचा वेग कमी करणं तपासणीपुरतं ठीक. जुना गेट व्हॉल्व्ह (आत झडप वरखाली होणारा कॉक) कायम अर्धवट ठेवला तर तोच खडखडायला लागतो.

आणि पंप बंद होताच दणका येत असेल तर घरातले नळ बदलत बसू नका. वर चढलेलं पाणी उलटं येऊन एनआरव्हीची, म्हणजे पाणी मागे जाऊ न देणाऱ्या व्हॉल्व्हची, झडप आपटते. तिथे स्प्रिंगचा एनआरव्ही बसवा.