ईपीआर भरायच्या आधी रिकामं पाऊच काट्यावर ठेवा

मसाले, लोणची, फरसाण बनवणाऱ्या कारखान्यांची ईपीआरची कामं मी करते. ईपीआर म्हणजे विस्तारित उत्पादक जबाबदारी: तुम्ही बाजारात आणलेल्या प्लास्टिक पाकिटांच्या कचऱ्याची जबाबदारी तुमचीच. पहिल्याच भेटीत मालक हमखास विचारतात, "मॅडम, कचरा टाकतं गिऱ्हाईक, उचलायचा नगरपालिकेने, मग पैसे आम्ही का भरायचे?" तक्रार मला कळते. पण पाऊचमध्ये फॉइल घालायचं की नाही हे तुमचं खरेदी खातं ठरवतं. भंगारवाला ज्याला हात लावत नाही असं पाकीट बाजारात आणलं, तर त्याच्या विल्हेवाटीचा खर्चही मालाच्या किमतीत धरायलाच हवा, हे माझं ठाम मत आहे.

आधी उद्यम प्रमाणपत्र (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगाची सरकारी नोंदणी) काढून बघा. सूक्ष्म आणि लघु ब्रँडमालकांना यातून सूट आहे; १ एप्रिल २०२५ पासून लघु उद्योगाची मर्यादा २५ कोटी गुंतवणूक आणि १०० कोटी उलाढाल अशी आहे. त्यावर गेलात की नोंदणी करायची. माल एक-दोन राज्यांतच जात असेल तर राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, जास्त राज्यांत जात असेल तर केंद्रीय मंडळाकडे. पोर्टल एकच.

आता खरं काम. प्रत्येक मापाची शंभर रिकामी पाकिटं मोजून काट्यावर ठेवा आणि सरासरी काढा. दोनशे ग्रॅम मसाल्याचं पाऊच साधारण चार-पाच ग्रॅम भरतं. बॉक्सवरची टेप, श्रिंक, बरणीचं झाकण हेही धरायचं. बहुतेकांकडून हेच सुटतं. आलेला आकडा पाऊचच्या फिल्म-रोलच्या खरेदी बिलांशी ताडून बघा. मोठा फरक आला तर कुठेतरी मोजायचं राहिलं आहे.

मग वर्गवारी. बरण्या, बाटल्या पहिल्या वर्गात. दुसऱ्या-तिसऱ्यात मात्र सगळ्यांचा गोंधळ होतो. पीईटी आणि पॉलिथिन चिकटवलेलं लॅमिनेट दिसायला मल्टिलेयर, पण सगळे थर प्लास्टिकचेच, म्हणून ते दुसऱ्या वर्गात जातं. अॅल्युमिनियम फॉइल किंवा कागदाचा थर आला की तिसरा वर्ग. पुरवठादाराकडून थरांची रचना लेखी घ्या, तोंडी सांगण्यावर जाऊ नका.

हिशोब असा: मागच्या दोन वर्षांत १८ आणि २२ टन पाकिटं बाजारात गेली, तर सरासरी २० टन. कारखान्यातलं कटिंग, वाया गेलेले रोल सरासरी १ टन. जबाबदारी २१ टनांची. हे सगळं दुसऱ्या वर्गातलं असेल, तर २०२५-२६ साठी त्यातलं किमान ४० टक्के, म्हणजे ८.४ टन, रिसायकलच व्हायला हवं. २०२७-२८ पासून हे प्रमाण ६० टक्के होतं.

त्यासाठी रिसायकलरकडून तेवढं प्लास्टिक रिसायकल केल्याची प्रमाणपत्रं घ्यावी लागतात, आणि इथे स्वस्ताच्या मागे लागू नका. केंद्रीय मंडळाच्या तपासणीत सुमारे ६ लाख बनावट प्रमाणपत्रं सापडली होती. व्यवहाराआधी कारखान्यावर स्वतः जा. वीजबिल, वजनकाट्याच्या पावत्या, रिसायकल करून तयार झालेल्या प्लास्टिक दाण्यांची विक्रीबिलं मागा. मशीनच्या क्षमतेपेक्षा जास्त टनांची प्रमाणपत्रं कोणी देऊ करत असेल, तर चहा घेऊन परत या. कचरा वेचणाऱ्या बायकांना किलोमागे काय मिळतं, हेही तिथेच विचारा. तुम्ही भरलेला पैसा त्यांच्यापर्यंत पोचला नाही, तर पाकीट रस्त्यावरच राहणार.

वार्षिक विवरणपत्र ३० जूनपर्यंत जातं. वजनाची वही एप्रिलमध्येच सीएंच्या हातात द्या.