प्रसूती आणि बाळंतपणाच्या प्रशिक्षणात चित्रपुस्तक वापरताय? या चुका टाळा

आशाताई, एएनएम (उपकेंद्रातल्या नर्सताई) आणि लेबर रूममधल्या सिस्टर यांच्या प्रशिक्षणात मी मुलांची चित्रपुस्तकं नेते. धाकटं भावंड येणार म्हणून वाट बघणाऱ्या पोरीची गोष्ट, आजीने शिवलेल्या दुपट्याची गोष्ट, अशी. वाचायला दहा मिनिटं पुरतात. पण वापरायला चुकलो, तर तासभर वाया जातो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे चित्रपुस्तकाला फ्लिपचार्ट समजणं. फ्लिपचार्ट आपल्या अंगवळणी पडलाय: चित्र बाईकडे, मागचा मजकूर आपल्याकडे, पानाला एक संदेश. चित्रपुस्तकाच्या मागे मजकूर नसतो. पहिल्या सत्रात मी पानापानावर थांबून विचारत होते, "यातून काय शिकलो?" उत्तरं भराभर आली. चार तपासण्या, लोहाच्या गोळ्या, तासाभरात स्तनपान. सगळी बरोबर, आणि त्यातलं एकही त्या पानावर नव्हतं. कुणी चित्र बघितलंच नव्हतं.

आता मी दोनच प्रश्न विचारते. काय दिसतंय? आणि, कशावरून म्हणता? मग गप्प बसते. हे गप्प बसणंच अवघड जातं. शांतता झाली की आपणच समजावायला लागतो.

एका पानावर बंद दार होतं आणि बाहेर बाकावर बसलेली पाच-सहा वर्षांची मुलगी. आधी सगळ्या म्हणाल्या, "आत डिलिव्हरी चाललीय." बऱ्याच वेळाने मागून एक जुन्या सिस्टर म्हणाल्या, "पोरीनं आईच्या चपला मांडीवर घेतल्यात." खोलीत कुणी बोललं नाही. मग त्याच म्हणाल्या, "आपण नातेवाईक बाहेर काढतो, पण बाहेर कोण बसलंय ते बघत नाही." तिथून बोलणं आपसूक प्रसूतीच्या वेळी सोबत असण्याकडे वळलं. 2017 पासूनच्या 'लक्ष्य' या लेबर रूम सुधारण्याच्या सरकारी कार्यक्रमात ही सोबत आणि सन्मानाची वागणूक दोन्ही आहेत, सगळ्यांना पाठही आहेत. त्या दिवशी मात्र त्या आपापल्या वॉर्डाबद्दल बोलल्या.

बोलताना शब्दांकडे कान ठेवा. चित्रातल्या आईला कुणी 'पेशंट' म्हणतं, कुणी 'केस', कुणी 'ही बाई ओरडणारी दिसते'. लगेच टोकू नका, लिहून ठेवा आणि शेवटी त्याच चित्राकडे परत या.

पुस्तक निवडताना आधी स्वतः पान न् पान बघा. पाळण्याशेजारी दुधाची बाटली असते, किंवा जन्मल्याबरोबर बाळाला अंघोळ घातलेली असते. आपल्याकडे बाटलीच्या जाहिरातीला 1992 च्या कायद्याने बंदी आहे आणि पहिली अंघोळ 24 तास तरी लांबवायची असते. असं पान लपवू नका, पण सुरुवातही त्यानं करू नका. नाहीतर सगळं सत्र चुका शोधण्यातच जातं.

प्रोजेक्टरवर पीडीएफ दाखवू नका. चपला मागच्या रांगेला दिसणार नाहीत. पाच-सहा जणींत एक प्रत हवीच.

आणि एक चूक माझ्या मनाला लागून राहिली आहे. गोष्टीत बाळ घरी आलं आणि समोरची एक ताई उठून बाहेर गेली. तिचं बाळ सातव्या महिन्यात गेलं होतं, मला माहीत नव्हतं. आता पुस्तक उघडण्याआधीच सांगते: गोष्ट बाळंतपणाची आहे, ज्यांना नको त्यांनी खुशाल बाहेर बसावं, कारण विचारणार नाही. आणि बाहेर सोबतीला एक सहकारी ठेवते.

सत्र पुस्तकाबरोबर मिटलं की घरी काही पोचत नाही, म्हणून जाताना एक छोटं काम द्या. दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताईंच्या घरभेटी 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी होतात. आई माहेरी आलेली असते, थोरलं मूल शाळा सोडून तिच्याबरोबर आलेलं असतं किंवा मागे राहिलेलं असतं. पुढच्या भेटीत ते कुठे आहे एवढं बघून यायला सांगते. एक ताई परत येऊन म्हणाली, "मॅडम, थोरली दाराआड उभी होती. वजन करताना बाळाचं टोपरं तिलाच धरायला दिलं."