सावंतवाडीला जायचं तर दशावतारासाठी जावा

शनिवार-रविवार मोकळा मिळाला आणि नाटक बघायची हुक्की आली, की आम्ही बेळगावची माणसं पुण्या-मुंबईच्या दौऱ्याची वाट बघत बसतो. कशाला? कार्तिकी पौर्णिमा उलटली की सिंधुदुर्गात जत्रा सुरू होतात, आणि जत्रा म्हटली की रात्री देवळापुढं दशावतार, म्हणजे इथलं रात्रभर चालणारं लोकनाट्य, असणारच. तिकीट नाही, बुकिंग नाही. सावंतवाडीत मुक्काम टाकायचा आणि आसपासच्या गावातली जत्रा गाठायची.

आधी तारीख धरा. जत्रा तिथीवर असतात, त्यामुळं गेल्या वर्षीची तारीख कामाची नाही. पेपरात सिंधुदुर्गच्या बातम्यांत ‘जत्रोत्सव’ शब्द शोधा. शेवटच्या ओळीत रात्री कुठल्या मंडळाचा प्रयोग आहे ते दिलेलं असतं. मोचेमाडकर, पार्सेकर, वालावलकर, चेंदवणकर, आजगावकर ही जुनी नावं. ‘संयुक्त’ (वेगवेगळ्या मंडळांचे नट एकत्र) आणि ‘ट्रिकसीन’ (चमत्काराची दृश्यं) असं छापलेलं दिसलं तर गर्दी आणि धूर दोन्ही जास्त. माझं विचाराल तर पहिल्यांदा साधाच खेळ बघा. सोनुर्लीच्या माउलीची जत्रा लोटांगणांसाठी प्रसिद्ध, पण तिथं माणसांचा पूर असतो; निवांत बसून नाटक बघायचं तर लहान गाव बरं.

रस्ता आपला नेहमीचाच. हिंडलगा, सुळगा, बाची, शिनोळीला महाराष्ट्र लागला, मग आंबोली आणि घाट उतरून दाणोली. एकूण शंभरेक किलोमीटर. बसनं जाणार असाल तर एक सांगून ठेवते: डिसेंबरात इथं बेळगावात सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असतं, आणि सीमेवर वातावरण तापलं की दोन्हीकडच्या बसगाड्या अलीकडं-पलीकडंच थांबतात. त्या आठवड्यात स्टँडवर चौकशी केल्याशिवाय पिशवी भरू नका.

दुपारी पोचलात की मोती तलावाला एक फेरी मारा, जेवा आणि सरळ झोपा. खरंच झोपा. नाटक अकराला म्हणून सांगतात, पण आधी ओट्या भरणं, मग पालखीची प्रदक्षिणा. पडद्यामागून पहिला माणूस बाहेर येईतो मध्यरात्र उलटलेली असते. चटई, शाल आणि सुटे पैसे घ्या. जत्रेतला गुळाचा, आल्याच्या चवीचा खाजा घेतला की रात्रीची सोय झाली.

थोडं लवकर गेलात तर नट रंगताना दिसतात. आपापला पेटारा उघडून, समोर आरसा टेकवून, ज्याचा तो चेहरा रंगवतो. मघाशी टपरीवर चहा पीत असलेला मिशी काढलेला माणूस बघता बघता नऊवारीची निरी काढतो, आणि मग त्याची मानसुद्धा वेगळी वळायला लागते. स्त्रीपार्टी म्हणतात त्याला. फोटो काढायचा तर विचारून काढा.

बसायची जागा मात्र माझी ठरलेली: पेटीवाल्याच्या बाजूला, मृदंग दिसेल अशी. कारण या नाटकाला लिहिलेली संहिता नसते. कथा पुराणातली, कुणाचा प्रवेश कुणानंतर एवढं ठरलेलं; संवाद जागेवर. नट बोलता बोलता पदाचा पहिला शब्द उचलतो आणि पेटीवाला तिथल्या तिथं सूर धरतो. दोघांची नजरानजर लांबून दिसत नाही. नेपथ्य म्हणजे एक बाकडं. राजा बसला की सिंहासन, राक्षसपार्टीनं त्यावर पाय आपटला की रणांगण. समोरचा बोलण्यात चढ ठरला की दुसऱ्याला त्याच्यावर ताण करावी लागते, आणि पहाटे तीनला ही जुगलबंदी रंगली की झोप कुठल्या कुठं पळते.

मुलं बरोबर असतील तर सुरुवात चुकवू नका. या सुरुवातीच्या भागात, आडदशावतारात, गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती येऊन जातात आणि मग संकासुर: काळा बुरखा, त्यावर लोंबणारी लाल जीभ आणि तोंडात चक्क मालवणी. वेद चोरणारा राक्षस, पण टाळ्या सगळ्यात जास्त त्यालाच. हल्ली हा भाग उरकून टाकतात, कधी गाळतातही. मला ते पटत नाही.

उजाडताना दहीकाला होतो. हंडी फुटेपर्यंत थांबा. मध्येच उठून गाडी सुरू केलीत की सगळी जत्रा वळून बघते. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ म्हणतात दशावताऱ्यांना. आता बोजा टेम्पोत जातो एवढाच फरक. त्याच रात्री दुसऱ्या गावात त्यांचा खेळ असतो.

जागरणाच्या डोळ्यांनी आंबोली घाट चढू नका. लॉजवर झोप काढा, उठल्यावर चितारआळीत लाकडी खेळणी बघा, राजवाड्यातली गंजिफा बघा, आणि चारच्या आत निघा. थंडीत अंधार लवकर पडतो.