बुल रायडिंगचा बक्षीस-तक्ता कसा वाचावा

अमेरिकेतल्या बुल रायडिंग स्पर्धेच्या जाहिरातीत सगळ्यात ठळक छापलेला असतो तो विजेत्याच्या चेकचा आकडा. माझं काम हिशेब तपासण्याचं. त्यामुळे माझी नजर त्या आकड्यावर थांबत नाही, खाली उतरते. चौथ्याला काय मिळालं? सहाव्याला? आणि आठ सेकंद बैलावर टिकूनही ज्याला एक डॉलरसुद्धा मिळाला नाही, असे किती? बक्षीस-रचना न्याय्य आहे की नाही हे मला या शेवटच्या प्रश्नावरूनच ठरवावंसं वाटतं. हा खेळ मी मनापासून बघते आणि रायडरला त्याच्या कष्टाचं मोल मिळावं असं मला फार वाटतं, म्हणून एखादा तक्ता हाती आला की मी तो कसा तपासते ते इथे सांगते.

खेळ थोडक्यात असा. एका हाताने दोर धरायचा, दुसरा हात बैलाला किंवा स्वतःला लागू द्यायचा नाही आणि आठ सेकंद टिकायचं. टिकला तर १०० पैकी गुण, त्याआधी पडला तर शून्य. या शंभरातले पन्नास गुण रायडरचे आणि पन्नास बैलाचे. पुढच्या सगळ्या हिशेबाची मेख या दुसऱ्या पन्नासात आहे.

आधी बघा, पैसा कोणाच्या खिशातला

बक्षिसाच्या एकूण रकमेला तिकडे पर्स म्हणतात. प्रोफेशनल रोडिओ काउबॉइज असोसिएशनच्या, म्हणजे पीआरसीएच्या रोडिओत (घोड्या-बैलांवरच्या काउबॉय खेळांच्या स्पर्धेत) पर्स दोन ठिकाणांहून येते: आयोजकांनी घातलेला पैसा, ज्याला ॲडेड मनी म्हणतात, आणि रायडरांनी स्वतः भरलेली एंट्री फी. तक्ता हातात आला की या दोन रकमा वेगळ्या काढा. समजा पर्स १०,००० डॉलरची आहे आणि चाळीस जणांनी प्रत्येकी २०० डॉलर भरलेत. म्हणजे ८,००० डॉलर रायडरांचेच झाले. आयोजकांनी घातले फक्त २,०००, आणि जाहिरातीवर मात्र दहा हजार झळकतात. तिकिटं विकली जातात, प्रायोजकांचे फलक लागतात, आणि रायडर मात्र बहुतांशी एकमेकांचाच पैसा जिंकत असतात. मी ॲडेड मनी आणि एंट्री फी यांचं गुणोत्तर सगळ्यात आधी लिहून ठेवते. तेच उलटं असेल, तर पुढची टक्केवारी कितीही सुबक असली तरी तिने फार फरक पडत नाही.

हा मुद्दा नवा नाही. १९९२ साली वीस बुल रायडरांनी प्रत्येकी १,००० डॉलर घालून प्रोफेशनल बुल रायडर्स, म्हणजे पीबीआर, ही संस्था उभी केली. रोडिओत बुल रायडिंग सगळ्यात शेवटी ठेवतात, कारण लोक त्यासाठी खुर्चीत बसून राहतात. पण ती गर्दी ज्यांच्या जिवावर जमते त्यांना तिच्या प्रमाणात पैसा मिळत नव्हता. न्याय्य वाटप हवं म्हणून रायडरांनी आपल्या खिशातून सुरुवात केली, हे या खेळाच्या इतिहासातलं मला सगळ्यात भावणारं पान आहे.

मग टक्केवारी

पीआरसीएत सहा क्रमांकांना पैसे द्यायचे असले तर रूढ विभागणी २९, २४, १९, १४, ९, ५ टक्के अशी असते. चारच क्रमांक असले तर ४०, ३०, २०, १०. दहा हजारांच्या पर्सवर हे मांडून बघा. पहिल्या पद्धतीत विजेत्याला २,९०० आणि सहाव्याला ५०० डॉलर. दुसरीत विजेत्याला ४,०००, चौथ्याला १,००० आणि पाचव्या-सहाव्याला काहीच नाही. दोघांचे गुण बरोबरीचे झाले तर त्या दोन जागांचे पैसे एकत्र करून निम्मे-निम्मे वाटतात. म्हणजे पहिल्या जागेसाठी बरोबरी झाली तर २९ आणि २४ मिळून ५३, प्रत्येकी साडेसव्वीस टक्के. हे अगदी योग्य आहे, त्यावर अधिक बोलण्यासारखं काही नाही.

किती क्रमांकांना पैसे द्यावेत, हे मात्र ठोकून सांगता येत नाही. ते किती जण टिकतात यावर ठरतं. चाळीस रायडर उतरले आणि त्यातले बारा-तेरा टिकले, तर सहा जागा म्हणजे जेमतेम निम्म्यांना पैसे. चार जागा ठेवल्या तर ज्याने आपलं काम चोख केलं असे आठ-नऊ जण पेट्रोलचा खर्च अंगावर घेऊन परत जातात. माझा निकष साधा आहे: टिकणाऱ्यांपैकी निदान निम्म्यांना एंट्री फीपेक्षा जास्त पैसे मिळाले पाहिजेत. ते होत नसेल तर विजेत्याचा हिस्सा कमी करून खालच्या जागा वाढवाव्यात, असं मी आयोजकांनाही सुचवेन.

नशिबाची किंमत डॉलरमध्ये काढा

इथे वेळ द्या. बहुतेक चर्चांमध्ये हीच पायरी गाळली जाते.

कोणता बैल वाट्याला येणार हे चिठ्ठीवर ठरतं. समजा दोन रायडर सारखेच सुंदर टिकले, दोघांनाही रायडरचे ४२ गुण मिळाले. एकाचा बैल ४० गुणांचा, त्याचे झाले ८२. दुसऱ्याचा बैल ४६ गुणांचा, त्याचे ८८. कौशल्य तंतोतंत सारखं, पण ८८ वाला पहिला येऊ शकतो आणि ८२ वाला सहावा. आता हे खऱ्या तक्त्यावर ठेवा. लास वेगासला थॉमस अँड मॅक सेंटरमध्ये होणाऱ्या नॅशनल फायनल्स रोडिओत, म्हणजे एनएफआरमध्ये, दहा रात्री रोज एक राउंड असतो. तिथे २०१९ साली प्रत्येक राउंडला पहिल्याला २६,२३१ डॉलर आणि सहाव्याला ४,२३१ डॉलर होते. फरक बरोबर २२,००० डॉलरचा. आपल्या उदाहरणातल्या दोघांमध्ये एवढी दरी पडली, ती निव्वळ चिठ्ठीने.

हे नशीब पूर्णपणे काढून टाकता येत नाही, आणि काढूही नये, कारण जनावर आहे तोवर ते राहणारच. पण रचनेने त्याची धार कमी करता येते, आणि ती कशी केली आहे ते तपासायचं असतं. एनएफआरमध्ये बैलांचे साधारण सारख्या ताकदीचे गट पाडतात. एका रात्री सगळ्यांपुढे चपळ, गुण देणारे बैल, तर दुसऱ्या रात्री सगळ्यांपुढे पाडणारे, ज्यांना एलिमिनेटर म्हणतात. त्यामुळे निदान एका राउंडमध्ये तरी तुलना समपातळीवर होते. पीबीआरच्या अंतिम फेरीत, जिला शॉर्ट गो म्हणतात, चिठ्ठीऐवजी निवडीची पद्धत वापरली गेली आहे: गुणानुक्रमाने रायडर आपला बैल स्वतः निवडतो. मला ही पद्धत मनापासून आवडते. आधी चांगला टिकलास, त्याचं बक्षीस म्हणून निवडीचा हक्क मिळतो, आणि कठीण बैल घ्यायचा की बेताचा ही जबाबदारीही रायडरवरच येते.

तिसरा उपाय री-राइडचा. बैल नीट उसळला नाही किंवा शूटमधून, म्हणजे बैल सोडतात त्या अरुंद कप्प्यातून, निघताना रायडर अडकला, तर पंच त्याला दुसरा बैल देऊ करतात. मिळालेले गुण ठेवायचे की ते सोडून पुन्हा बसायचं, हे रायडर ठरवतो. पुन्हा बसला आणि पडला, तर हातचे गुणही गेले. तक्ता वाचताना स्वतःला विचारा, की या रचनेत रायडरने काय करणं शहाणपणाचं ठरेल? फक्त राउंडला पैसे असतील तर ७२ गुण ठेवून उपयोग नाही, तो दुसरा बैल घेणार. सगळ्या राउंडांची बेरीज मोजली जात असेल तर ते ७२ सोन्याचे.

सिल्वानो आल्वेस या ब्राझिलियन रायडरने २०११, २०१२ आणि २०१४ अशी पीबीआरची तीन जगज्जेतेपदं मिळवली. री-राइड समोर असताना कमी गुण ठेवून घेतो म्हणून त्याच्यावर बरीच टीका झाली. मला ती कधीच पटली नाही. नियमाने सातत्याला मोल दिलं होतं आणि तो नियमाप्रमाणे उत्तम खेळला. दुसऱ्या बाजूला अमेरिकन रायडर जे. बी. मॉनी. ऑगस्ट २०१३ मध्ये टल्सा इथे तो बुशवॅकर नावाच्या बैलावर ९५.२५ गुणांनी टिकला. त्याआधी त्या बैलाने सलग ४२ रायडरांना पाडलं होतं. प्रेक्षकांना मॉनी हवा असेल, तर तक्त्यात मोठ्या गुणांना पैसा ठेवा. रायडरने धोका पत्करावा असं वाटतं आणि पैसा मात्र बेरजेवर ठेवायचा, हे रायडरवर अन्याय करणारं आहे.

राउंड आणि बेरीज यांचा समतोल आकड्यात काढता येतो. बेरजेला तिकडे ॲव्हरेज म्हणतात. २०१९ च्या एनएफआरमध्ये बुल रायडिंगच्या एका राउंडला एकूण ८४,६१६ डॉलर होते. दहा राउंडचे झाले ८,४६,१६०. ॲव्हरेजसाठी आठ क्रमांकांना मिळून २,५३,८४६. म्हणजे साधारण ७७ टक्के रोजच्या कामगिरीला आणि २३ टक्के सातत्याला. शिवाय पात्र ठरलेल्या पंधराही जणांना नुसतं तिथवर पोचल्याबद्दल प्रत्येकी १०,००० डॉलर. दहा रात्रींच्या स्पर्धेला हे प्रमाण मला योग्य वाटतं. दोन राउंडच्या छोट्या स्पर्धेत मात्र मी बेरजेचा वाटा वाढवेन, कारण तिथे एका वाईट चिठ्ठीची भरपाई करायला पुढच्या रात्रीच उरत नाहीत.

कमी जण टिकले तर

सहा जागांना पैसे आहेत आणि टिकले चारच. उरलेले पैसे कुठे जातात, हा प्रश्न स्पर्धा सुरू होण्याआधी विचारा. एनएफआरमध्ये ते टिकलेल्यांमध्ये सारखे वाटतात, त्याला ग्राउंड मनी म्हणतात. २०१९ च्या तक्त्यावर पाचव्या जागेचे ६,७६९ आणि सहाव्याचे ४,२३१ मिळून ११,००० होतात. चौघांत वाटले की प्रत्येकी २,७५०, म्हणजे पहिल्याचे २८,९८१. बैल जबरदस्त असलेल्या रात्री टिकणाऱ्याला जास्त मिळतं, हे न्यायाला धरूनच आहे. जिथे ही रक्कम आयोजकांकडे परत जाते, तिथे रायडर पडण्यात आयोजकांचा फायदा दडलेला असतो. अशी अट दिसली तर मी त्या तक्त्यावर लाल खूण करते.

दहा लाखांचे आकडे

पीबीआरच्या जगज्जेत्याला १० लाख डॉलरचा बोनस मिळत आला आहे. मोठा आकडा खेळाला ओळख देतो, मी त्याच्या विरोधात नाही. फक्त पहिल्या आणि दुसऱ्यातलं अंतर बघा. हंगामभर घासून चाललेल्या दोघांमध्ये एका बैलाचा फरक पडतो आणि मिळकतीतली तफावत लाखांत जाते. मला विचाराल तर त्या दहा लाखांतले दोन लाख पुढच्या नऊ जणांत उतरत्या क्रमाने वाटावेत. तरीही विजेत्याचे आठ लाख राहतातच.

याहून अवघड रचना द अमेरिकन या रोडिओची. २०१४ साली टेक्सासमधल्या आर्लिंग्टनच्या एटी अँड टी स्टेडियममध्ये तो सुरू झाला. प्रत्येक प्रकारातल्या विजेत्याला एक लाख, आणि शिवाय दहा लाख वेगळे ठेवलेले. निमंत्रणावर न येता पात्रता फेऱ्यांतून आलेला स्पर्धक जिंकला तर ते त्याचे, असे एकाहून अधिक विजेते निघाले तर त्यांच्यात वाटून. पहिल्याच वर्षी रिचमंड चॅम्पियन नावाचा रायडर बेअरबॅकमध्ये, म्हणजे खोगिराशिवायच्या घोडास्वारीत, जिंकला आणि अख्खे दहा लाख त्याला एकट्याला मिळाले. त्याचं कर्तृत्व वादातीत आहे. पण दुसऱ्या एखाद्या प्रकारात, समजा घोड्यावरून पिंपांना वळसे घालायच्या बॅरल रेसिंगमध्ये, आणखी एक पात्रतावीर जिंकला असता तर त्याच राइडचे पाच लाख झाले असते. आपण न खेळलेल्या प्रकाराचा निकाल आपलं बक्षीस निम्मं करतो, तेव्हा ती रचना रंजक असली तरी न्याय्य म्हणता येत नाही.

शेवटी खर्च वजा करा

वैयक्तिक स्पर्धांमध्ये रायडर नोकरदार नसतो. प्रवास, मुक्काम, फी, सगळं त्याचंच. जखमी झाला तर मिळकत थांबते. जानेवारी २०१९ मध्ये डेन्व्हरच्या पीबीआर स्पर्धेत मेसन लो हा २५ वर्षांचा रायडर बैलाच्या पायाखाली येऊन मरण पावला, अंगात संरक्षक जाकीट असूनही. बक्षीस-तक्ता तपासताना मी हा धोका बाजूला ठेवू शकत नाही. म्हणून विचारा: जखमी रायडरची हंगामातली जागा राखून ठेवतात का? उपचारांना मदत करणारा निधी आहे का? पीबीआरच्या रायडरांसाठी १९९८ मध्ये रायडर रिलीफ फंड सुरू झाला, आता तो वेस्टर्न स्पोर्ट्स फाउंडेशन या नावाने चालतो. जखमी रायडरला जागेची सवलतही मिळते.

२०२२ पासून सुरू झालेल्या टीम सिरीजने यात मोठा बदल केला. आठ संघांपासून सुरुवात झाली. सामन्यात दोन्हीकडून पाच-पाच रायडर, ज्या संघाच्या गुणांची बेरीज जास्त तो जिंकतो. रायडर संघाशी करार करतो, त्यामुळे उत्पन्नाचा काही भाग शूटचं दार उघडण्याआधीच ठरलेला असतो. माझ्या मते गेल्या काही वर्षांतली ही सगळ्यात चांगली गोष्ट. हंगामाचा हिशेब मांडताना असा हमीचा पैसा एका रकान्यात, जिंकलेला दुसऱ्यात आणि खर्च तिसऱ्यात लिहा, आणि हे तीन रकाने विजेत्यासाठी न भरता यादीतल्या तिसाव्या रायडरसाठी भरा. त्याची बाकी उणे येत असेल, तर ती स्पर्धा त्याच्या पैशावर चालली आहे.