क्वालिटीचा डेटा शिकताय? मग या चुका टाळा

आपल्या इंदूरला हॉस्पिटलच्या क्वालिटी सेलमध्ये नवीन लागलेली मुलं इन्स्पेक्शन तोंडावर आलं की कंट्रोल चार्ट (महिन्यामहिन्याचे आकडे, त्यांची सरासरी आणि वरची-खालची मर्यादा दाखवणारा आलेख) शिकायला येतात आणि विचारतात, एक्सेलमध्ये होईल ना पटकन? पटकन चार्ट होतो, समज येत नाही.

सगळ्यात घातक चूक म्हणजे फक्त मागच्या महिन्याशी तुलना. इथल्याच एका हॉस्पिटलमध्ये पेशंट पडण्याच्या घटना एप्रिलमध्ये 3 होत्या, मेमध्ये 7 झाल्या, लगेच मीटिंगमध्ये इन्चार्ज सिस्टरला सगळ्यांसमोर झापलं आणि वर मेमो. अहो पण वर्षभराची सरासरीच महिन्याला 4 होती! 4 चं वर्गमूळ 2, त्याची तिप्पट 6, ती सरासरीत मिळवली की वरची मर्यादा 10 येते, मग 7 हा नेहमीचाच चढउतार झाला ना. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ शूहार्टने 1924 मध्ये कंट्रोल चार्ट मांडला तो नेहमीचा चढउतार आणि खरा बदल यातला फरक दिसावा म्हणून. पुढे जूनमध्ये आकडा एकदम 1, सगळे खूष. मी रजिस्टर काढून बघितलं तर रात्रपाळीच्या नोंदीत 'मरीज़ को नीचे बैठाया गया' आणि त्याच पेशंटचा पहाटे कमरेचा एक्सरे. पडणं थांबलं नव्हतं, लिहिणं थांबलं होतं. मेमोची भीती बसली की डेटा असाच मरतो, आणि पेशंट पडतच राहतो.

माझी सवय सांगते. बारा महिन्यांचे ठिपके आधी हाताने ग्राफ पेपरवर काढायचे, त्याशिवाय तोंड उघडायचं नाही. एखादा ठिपका मर्यादेबाहेर गेला किंवा सलग 8 ठिपके सरासरीच्या एकाच बाजूला आले तर त्या काळात काय बदललं ते शोधायचं. तसं काही नसेल तर माणूस शोधू नका, बाथरूमचे दांडे, रात्रीचा दिवा, बेल हाताला लागते का ते बघा. आणि मर्यादेत आहे म्हणजे चांगलं आहे असं अजिबात नाही, महिन्याला 4 माणसं पडतायत!

दुसरं, छेद विसरणं. आयसीयूत कॅथेटरचे 2 इन्फेक्शन होते, आता 3 झाले म्हणून रडारड. पण आधी कॅथेटर-दिवस (रोज कॅथेटर लावलेले पेशंट मोजून केलेली महिन्याची बेरीज) 400 होते, आता 1000 आहेत, म्हणजे हजारी दर 5 वरून 3 वर आला. कॅथेटर रोज ठरलेल्या एकाच वेळी मोजा, महिनाअखेरीला अंदाजाने भरू नका.

एकेका मोजमापाच्या चार्टला (जिथे दर वेळी एकच मोजलेला आकडा असतो) मर्यादा काढताना एक्सेलचं स्टँडर्ड डेव्हिएशन लावू नका, लागोपाठच्या आकड्यांमधल्या फरकांची सरासरी काढून 2.66 ने गुणा आणि ते सरासरीत मिळवा, सरासरीतून वजा करा. मर्यादा दर महिन्याला नव्याने काढू नका. क्वचित होणाऱ्या घटनांना, उदाहरणार्थ चुकीचं रक्त चढवणं, महिन्याचा आकडा शून्य-शून्यच दिसणार, तिथे दोन घटनांमधले दिवस मोजा.