हवामान बदलाच्या धड्यात ऊर्जेचा न्याय कसा शिकवावा

बहुतेक शाळांत हवामान बदलाचा धडा वितळणारे हिमनग, वाढते तापमान आणि शेवटी वृक्षारोपणाची शपथ या ठरलेल्या वाटेने जातो. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्याचे निर्देश दिले आणि विषय वर्गात आला खरा; पण वीज कोण वापरतो, तिची किंमत कोण मोजतो आणि तिच्याविषयीचे निर्णय कोण घेतो, हे ऊर्जेच्या न्यायाचे प्रश्न तिथे क्वचितच विचारले जातात. नववी-दहावीच्या वर्गात हे तीन प्रश्न कसे हाताळावेत, हे पुढे मांडले आहे.

सुरुवात वीजबिलापासून करावी. बिलाची प्रत आणायला सांगताना नाव, पत्ता आणि ग्राहक क्रमांक झाकायला सांगावे. ज्यांच्या घरी स्वतंत्र मीटर नाही किंवा बिल थकले आहे, त्या मुलांवर वर्गात ओशाळे होण्याची वेळ येऊ नये, यासाठी शिक्षकाने काही नमुना बिले जवळ ठेवावीत आणि प्रत्येक गटाला एकेक बिल द्यावे. महावितरणच्या बिलात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, वीज शुल्क असे रकाने असतात. त्यांतला प्रत्येक पैसा कशासाठी घेतला जातो, हे मुलांनी शोधून काढावे. घरगुती दर १०० युनिटपर्यंत एक, १०१ ते ३०० युनिटपर्यंत त्याहून जास्त, असा टप्प्याटप्प्याने चढतो. कमी वापरणाऱ्यावर कमी भार पडावा हे तत्त्व त्यामागे आहे. पण एकाच भागातल्या सर्वसाधारण सिंगल फेज जोडणीचा स्थिर आकार ४० युनिट वापरणाऱ्याला आणि ४०० युनिट वापरणाऱ्याला सारखाच लागतो. म्हणून बिलाच्या एकूण रकमेला युनिटांनी भागायला लावावे आणि निघालेले आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत. दरपत्रकातला दर आणि प्रत्यक्ष पडलेला दर यांतला फरक मुलांना स्वतःच्या गणितातून दिसला, की चर्चेला वेगळे निमंत्रण लागत नाही.

कोळशावर तयार झालेल्या एका युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. याच बिलावरून मुलांना घरटी उत्सर्जन काढता येईल, पण तिथे थांबू नये. महानिर्मिती या राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीचे चंद्रपूरचे औष्णिक केंद्र २,९२० मेगावॅटचे आहे. तिथली वीज राज्यभर जाते. राख, धूळ आणि कोळशाच्या वाहतुकीचा त्रास मात्र चंद्रपूरच्या वाट्याला येतो. त्याच केंद्रावर आणि खाणींवर हजारो कंत्राटी कामगारांची चूल पेटते, हेही त्याच तासिकेत सांगावे. कोळसा बंद व्हावा असे म्हणणाऱ्याने या कामगारांचे पुढे काय, याचे उत्तर द्यायला हवे. वर्गात त्यांची मुले असतील तर ती अपराधी ठरणार नाहीत, याची विशेष काळजी घ्यावी.

यानंतर इतिहासाची एक पूर्ण तासिका पुणे जिल्ह्यातल्या मुळशीला द्यावी. माझ्या मते हा या अभ्यासाचा गाभा आहे. टाटा कंपनीने मुंबईला वीज पुरवण्यासाठी मुळशीत धरण बांधायला घेतले, तेव्हा १९२१ साली मावळातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे त्याचे नेते होते. जमिनी घेण्यासाठी १८९४ चा भूसंपादन कायदा वापरला गेला. आंदोलन लांबले तसा सावकार-जमीनदारांचा कल वाढीव मोबदल्याकडे झुकला, तर कसणाऱ्याला जमीनच हवी होती. अखेर धरण झाले. आजही त्या जलाशयाचे पाणी सह्याद्रीखाली भिऱ्याच्या वीजगृहात उतरते. वर्गाचे चार गट करून कंपनी, सरकार, जमीनदार आणि कूळ यांची बाजू मांडायला लावावी, आणि मग गट बदलून तीच चर्चा पुन्हा घ्यावी. जलविद्युत कोळशापेक्षा स्वच्छ असते. तरीही ती न्यायाने आली का, हा प्रश्न वेगळा उरतो, हे मुलांच्या लक्षात येते.

तोच प्रश्न सौरऊर्जेलाही लावावा. शेतकऱ्याला रात्री साप-बिबट्याच्या भीतीत पाणी द्यावे लागू नये, दिवसा वीज मिळावी, यासाठी २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना राबवली जाते. तिचा हेतू रास्तच आहे. मात्र काही प्रकल्प गायरानावर उभे राहतात, आणि गायरान म्हणजे भूमिहीनाच्या शेळ्यांचा चारा; मराठवाड्यात तर अनेक दलित कुटुंबे अशा जमिनी वर्षानुवर्षे कसत आली आहेत. गावाजवळ असा प्रकल्प असेल तर मुलांनी पूर्वी तिथे गुरे चारणाऱ्यांशी आणि आता दिवसा वीज मिळणाऱ्या शेतकऱ्याशी, दोघांशीही बोलावे.

शेवटचा भाग निर्णयप्रक्रियेचा आहे आणि तो टाळू नये, कारण प्रश्न कुठे मांडायचा हे न सांगता अन्याय दाखवला तर मुले हताश होतात. महाराष्ट्र वीज नियामक आयोग दर ठरवण्यापूर्वी जाहीर हरकती व सूचना मागवतो आणि जनसुनावणी घेतो. मोठ्या प्रकल्पांसाठी २००६ च्या पर्यावरण प्रभाव मूल्यांकन अधिसूचनेनुसार किमान ३० दिवस आधी सूचना देऊन जनसुनावणी घ्यावी लागते आणि प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल हे सांगणाऱ्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही द्यावा लागतो. असा एक मराठी सारांश महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावरून घेऊन गटात वाचावा. भूमिहीन मजूर, स्त्रिया आणि पशुपालक यांचा उल्लेख त्यात किती ठिकाणी आहे, ते मुलांनी अधोरेखित करावे. मग प्रत्येक गटाने एका पानाची हरकत किंवा सूचना लिहावी: पहिल्या परिच्छेदात कोणत्या मुद्द्याविषयी, दुसऱ्यात त्याचा फटका कोणाला आणि कसा, तिसऱ्यात नेमकी मागणी काय. गुण देताना भाषेच्या आवेशाला कमी आणि मागणीच्या नेमकेपणाला जास्त महत्त्व द्यावे.